स्क्रीनवरचे बाबा, कागदावरचे बाबा

तुमच्या मोबाईलमध्ये फोटो किती आहेत? पाच हजार? दहा? आणि घरातल्या भिंतीवर किती? बहुतेकांचं उत्तर एकआकडी येईल. त्यातले अर्धे लग्नाचे आणि उरलेले जे आता नाहीत त्यांचे. गंमत बघा, आपण जिवंत माणसं क्लाऊडवर ठेवतो आणि गेलेली भिंतीवर!

म्हणून भिंतीवर जाणाऱ्या फोटोचं टेन्शन वेगळं असतं. लाइकसाठी टाकलेला फोटो दोन दिवसांत खाली सरकतो. भिंतीवरचा रोज सकाळी चहा पिताना समोर असतो. त्यातला रंग चुकला, तर तो रोज चुकतो.

आमचे बाबा एसटीत कंडक्टर. सातारा डेपो, चौतीस वर्षं. रंगाने काळेसावळे. म्हणजे ‘सावळे’ हा झाला नातेवाईकांचा सभ्य शब्द. खरं सांगायचं तर चिंचोक्यासारखे, तकतकीत. मी त्यांच्यावर गेलेय. ‘बापावर गेलीय हो पोरगी,’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय, आणि ते म्हणतानाचा सूर साधारण ‘पोरीला ताप आहे हो’ म्हणतानाचा असायचा. पुढे लग्नाच्या साइटवर मावशीने माझं प्रोफाईल भरलं, तेव्हा रंगाच्या रकान्यात ‘गव्हाळ’ लिहिलं. आमच्या सात पिढ्यांत कुणी गव्हाळ नाही. असो.

गेल्या वर्षी बाबा गेले. वर्षश्राद्धाच्या आधी आईने त्यांचा एक फोटो मोठा करायला गावातल्या एका स्टुडिओत दिला. फोटो २०१९ सालचा, रिटायरमेंटच्या दिवशी मी मैत्रिणीचा चांगला कॅमेरा उसना नेऊन काढलेला. अंगात खाकी, गळ्यात झेंडूचा हार, मागे लाल एसटी. स्टुडिओतून फोटो परत आला तेव्हा बाबा गोरे झाले होते. नुसते गोरे नाहीत, गुलाबी गोरे. कपाळावरच्या आठ्या गायब. आईने तो दोन्ही हातांत धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, “हे कोण?”

स्टुडिओवाल्याला फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, “ताई, सगळे असंच करून मागतात.” यातलं दुःखाचं म्हणजे तो खोटं बोलत नव्हता.

ही सवय एका स्टुडिओची नाही, गावाचीही नाही. फिल्मच्या जमान्यात फोटो लॅबची मशीन जुळवायला कोडॅककडून एक नमुन्याचा फोटो यायचा. त्याला म्हणायचे ‘शर्ली कार्ड’, कारण त्यासाठी पहिल्यांदा बसलेल्या कोडॅकच्या कर्मचारी बाईंचं नाव शर्ली. गोरी अमेरिकन बाई. तिची त्वचा नीट आली की मशीन ‘नॉर्मल’. कॅनडातल्या संशोधक लोर्ना रॉथ यांनी २००९ साली या कार्डांवर एक निबंध लिहिला. फिल्ममध्ये तपकिरी छटा नीट येत नाहीत अशी तक्रार जोरात केली ती फर्निचर आणि चॉकलेटच्या जाहिराती करणाऱ्यांनी, असं त्यात येतं. म्हणजे माणसांच्या आधी कपाटांना न्याय मिळाला! अगदी अलीकडे, २०२१ साली, गूगलने पिक्सेल ६ फोनमध्ये ‘रिअल टोन’ आणलं, ते याच जुन्या झुकावावर उपाय म्हणून.

तर ठरवलं, फोटो घरीच छापायचा. पुण्यातल्या माझ्या फ्लॅटवर वर्क फ्रॉम होमच्या काळात घेतलेला टँकवाला कलर प्रिंटर आहेच. तो आजवर आधार कार्डाच्या कॉप्या आणि सोसायटीच्या नोटिसा छापत होता. चांगला ग्लॉसी फोटो पेपर आणला, फाईल उघडली, प्रिंट दाबलं.

बाबा शेवाळी आले.

लॅपटॉपवर ठीक, फोनवर जरा जास्तच झगझगीत, आणि कागदावर हिरवट. एकाच माणसाचे तीन बाबा. अशा वेळी आपल्यातले बहुतेक जण काय करतात? हिरवट आलंय ना, मग फोटोत थोडा लाल वाढव. पुन्हा छाप. आता गडद आलं, मग ब्राइटनेस वाढव. या रस्त्याने गेलं की दहा कागद आणि अर्धी टाकी शाई संपते, आणि फोटोची मूळ फाईलही बिघडते. आमच्या ऑफिसात डिझाईन टीममध्ये एक मैत्रीण आहे, कॅमेरा तिचाच. तिने पहिलं वाक्य हेच सांगितलं, “फोटोला हात लावू नकोस. आधी खोटं कोण बोलतंय ते शोध.”

ते शोधायला थोडी थिअरी लागते. घाबरू नका, स्वयंपाकघरातली आहे. फोटोच्या फाईलमध्ये रंग नसतात, आकडे असतात. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा यांचं प्रमाण, शून्य ते २५५. पण ‘लाल १२०’ म्हणजे नक्की किती लाल? ते आकडा सांगत नाही. पाककृतीत ‘चवीपुरतं मीठ’ लिहिलेलं असतं तसं. माझ्या आईची चव वेगळी, तुमच्या आईची वेगळी. फोनची स्क्रीन एक चव घेते, लॅपटॉपची दुसरी, आणि प्रिंटर तर मुळात वेगळ्याच सामानातून स्वयंपाक करतो. त्याच्याकडे उजेड नाही, शाई आहे.

यावर उपाय म्हणून १९९३ साली आठ कंपन्यांनी मिळून इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम म्हणजे आयसीसी ही संस्था काढली. तिने ठरवलेली ‘प्रोफाईल’ नावाची छोटी फाईल म्हणजे चवीपुरतं मीठ नेमकं किती ग्रॅम, हे सांगणारी चिठ्ठी. कॅमेऱ्याच्या फोटोला एक चिठ्ठी, स्क्रीनला एक, आणि प्रिंटर, शाई, कागद या तिघांच्या जोडीला मिळून एक. या चिठ्ठ्या वाचून आकड्यांचं भाषांतर करणं, याचंच नाव कलर मॅनेजमेंट. सगळ्या भानगडी होतात त्या चिठ्ठी हरवल्याने, चुकीची लागल्याने, किंवा एकाच मजकुराचं दोनदा भाषांतर झाल्याने.

पहिली पायरी: तुमचा लाडका फोटो बाजूला ठेवा आणि टेस्ट इमेज छापा. इंटरनेटवर फुकट मिळतात. त्यात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची राखाडी पट्टी, वेगवेगळ्या त्वचेचे चेहरे, फळंबिळं असतात. ही इमेज बरोबर आहे हे आधीच माहीत असतं, त्यामुळे ती वाईट छापली गेली तर दोष प्रिंटरच्या बाजूला. ती छान आली आणि फक्त आपला फोटो बिघडतोय, तर दोष फाईलमध्ये किंवा आपल्या स्क्रीनमध्ये. एका कागदात अर्धं काम होतं. माझ्याकडे राखाडी पट्टी हिरवट आली. म्हणजे बाबा निर्दोष.

दुसरी पायरी: नोझल चेक. प्रिंटरच्या मेन्यूत असतंच. जाळीसारखं डिझाईन छापून येतं. माझ्या जाळीत मॅजेंटाच्या रेषा मध्ये मध्ये तुटलेल्या होत्या. मॅजेंटा कमी पडला की चित्र हिरवं होतं, निळसर सायन कमी पडला की लालसर, आणि पिवळा कमी पडला की निळं. महिनोन् महिने फक्त काळी अक्षरं छापणाऱ्या प्रिंटरची रंगीत नोझल सुकतात. हेड क्लीनिंग दोनदा केलं, एक रात्र थांबले, सकाळी जाळी पूर्ण. एक सूचना, क्लीनिंगचं बटण दहादहादा दाबू नका. त्यात शाई पाण्यासारखी जाते.

हिरवा रंग गेला. आता बाबा लालसर-जांभळट आले. खूप धावून आल्यासारखे!

हा आजार सगळ्यांत कॉमन. फोटोशॉपसारखं सॉफ्टवेअर रंगांचं भाषांतर करून प्रिंटरला देतं, आणि प्रिंटरचा ड्रायव्हर ते पुन्हा एकदा भाषांतर करतो. मराठीचं इंग्रजी झालं, आणि पुढच्याने ते मराठीच समजून पुन्हा इंग्रजी केलं, असा प्रकार. नियम सोपा आहे: भाषांतरकार एकच. सॉफ्टवेअरमध्ये ‘फोटोशॉप मॅनेजेस कलर्स’ निवडलंत, तर ड्रायव्हरमध्ये जाऊन कलर करेक्शन ‘ऑफ’, ‘नन’ किंवा ‘नो कलर अ‍ॅडजस्टमेंट’ करायचं. कागदाचं प्रोफाईलच मिळत नसेल, तर उलटं करा: ‘प्रिंटर मॅनेजेस कलर्स’ निवडून सगळं ड्रायव्हरवर सोडा. दोन्ही चालतं. दोन्ही एकदम चालत नाही.

त्याच खिडकीत मला आणखी एक टिक दिसली, फोटो आपोआप ‘सुधारण्याची’. कंपनीकडूनच लागून आलेली. ही सोय चेहरा गडद दिसला की त्याला सावलीतला चेहरा समजून उजळ करू शकते. बाबा सावलीत नव्हते हो. मे महिन्याच्या उन्हात उभे होते. ती टिक काढताना मला फारच समाधान वाटलं, हे कबूल करते. मावशीच्या ‘गव्हाळ’वरची टिक काढल्यासारखं.

तिसरी पायरी: कागद. ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार नीट निवडणं म्हणजे फॉर्म भरायची औपचारिकता नाही. त्यावरून किती शाई सोडायची ते ठरतं. ग्लॉसी कागद घालून ‘प्लेन’ निवडलं तर रंग मलूल आणि चट्टेदार येतात. प्रोफाईलही त्याच कागदाचं हवं. प्रिंटर कंपन्या बऱ्याचदा आपल्या कागदांची प्रोफाईल ड्रायव्हरबरोबर देतात, आणि चांगल्या कागद कंपन्यांच्या साइटवर ती मॉडेलप्रमाणे मिळतात. टाकीत दुसऱ्याच कंपनीची स्वस्त शाई असेल, तर मात्र ती चिठ्ठी लागू पडत नाही. सामान बदललं, मग माप कसं जुळणार? आणि पावसाळ्यात कागद पाकिटाबाहेर ठेवू नका. ओल धरलेला कागद वळतो आणि शाई वाळायला वेळ लावतो. प्रिंट काढल्याकाढल्या निकाल देऊ नका, रात्रभर राहू द्या. रंग सावकाश बसतो.

चौथी पायरी: स्क्रीन. आता रंग जमले होते, पण प्रिंट गडद वाटत होती. अशा वेळी प्रिंटरला शिव्या पडतात. पण आपण ऑफिसवाले लॅपटॉपचा ब्राइटनेस फुल्ल ठेवून जगतो. कागद स्वतः उजेड देत नाही, स्क्रीन देते. छपाईसाठी स्क्रीनची चमक साधारण ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर ठेवतात. मोजायचं यंत्र नसेल तर घरगुती उपाय: स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी खिडकीच्या उजेडात कोरा फोटो पेपर धरा, आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. सुरुवातीला लाईट गेल्यासारखं वाटतं, दहा मिनिटांत सवय होते. रात्री स्क्रीन पिवळी करणारं नाईट लाईट आणि फोनवरचं ट्रू टोन, दोन्ही बंद. मैत्रिणीने तिचं स्क्रीन मोजायचं यंत्र दोन दिवस दिलं. माऊसएवढी वस्तू, स्क्रीनवर ठेवली की ती आपली रंगांची मोजणी करते आणि स्क्रीनचं प्रोफाईल बनवून देते.

पाचवी पायरी: फाईलची चिठ्ठी. मैत्रिणीच्या कॅमेऱ्यात फोटो ‘अ‍ॅडोबी आरजीबी’मध्ये साठवायचं सेटिंग होतं. ही १९९८ ची मोठी रंगपेटी. बाकी जग बहुतांशी १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मांडलेल्या ‘एसआरजीबी’वर चालतं. मोठ्या पेटीचे आकडे छोट्या पेटीचे समजून वाचले की फोटो फिका, मरगळलेला दिसतो. प्रोफाईल ओळखणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर काळजी नको. नाहीतर, आणि बाहेर लॅबला फाईल देणार असाल तरी, ती आधी एसआरजीबीमध्ये ‘कन्व्हर्ट’ करा. ‘असाईन’ नव्हे. कन्व्हर्ट म्हणजे भाषांतर, असाईन म्हणजे नुसती पाटी बदलणं. आणि मूळ फाईलच वापरा, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून दमून आलेली नको.

इथपर्यंत आले आणि खरा पेच समोर आला. झेंडू! स्क्रीनवर तो हार नुसता पेटलेला दिसत होता. इतका भडक केशरी माझ्या प्रिंटरच्या शाईला जमतच नाही. मग करायचं काय? सॉफ्टवेअर दोन मुख्य पर्याय देतं. ‘परसेप्च्युअल’ सगळेच रंग थोडेथोडे दाबून झेंडूला जागा करून देतं. ‘रिलेटिव्ह कलरिमेट्रिक’ जमणारे रंग आहेत तसे ठेवतं आणि न जमणारे जवळच्या रंगावर आणून बसवतं. म्हणजे हार खुलवायचा तर बाबांचा रंग थोडा सरकणार. बाबांचा रंग जपायचा तर हार थोडा सपाट होणार. आमच्याकडे आयुष्यभर हाराचीच बाजू घेतली गेली होती. मी बाबांची घेतली. रिलेटिव्ह कलरिमेट्रिक, ‘ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन’ची टिक चालू.

पण बरोबर म्हणजे कुणाशी बरोबर? स्क्रीनशी? स्क्रीनने बाबांना कधी पाहिलंय? मला खरी वस्तू हवी होती. आईला फोन करून त्यांचा खाकी शर्ट मागवला, फोटोत अंगात आहे तोच. पेटीत होता. ताईचा मुलगा पुण्याला येताना घेऊन आला. सकाळी दहाच्या उजेडात खिडकीत शर्ट पसरला आणि शेजारी प्रिंट ठेवली. खाकी हा फार प्रामाणिक रंग आहे. जरा हिरवा झाला की मिलिटरी दिसतो, जरा लाल झाला की विटेसारखा. बाह्या धुवून धुवून फिकट झाल्या होत्या, त्या टाळून खिशाजवळचं कापड प्रिंटला लावलं. जुळलं.

संध्याकाळी ट्यूबलाईटखाली बघितलं तर जुळेना! शर्ट एका दिशेला, फोटो दुसऱ्या. हा प्रिंटरचा दोष नाही. कापडातला रंग आणि शाई ही वेगळी रसायनं, एका उजेडात सारखी दिसतात, दुसऱ्यात नाही. इंग्रजीत याला मेटामेरिझम म्हणतात. आपल्या आयांना हा शब्द माहीत नाही, पण लक्ष्मी रोडवरच्या दुकानात साडी हातात घेऊन, “जरा बाहेर उजेडात बघू का?” असं विचारणारी प्रत्येक बाई हेच शास्त्र वापरते. म्हणून फोटो जिथे लागणार, तिथल्या उजेडात बघून शेवटची प्रिंट ठरवायची.

त्यासाठी साताऱ्याला गेले. चेहरा आणि कॉलर एवढाच भाग असलेल्या चार छोट्या प्रिंट नेल्या होत्या, प्रत्येकीत फिकट-गडदपणाचा किंचित फरक. आईने त्या समोरच्या खोलीत ओळीने मांडल्या, दिवा लावून बघितल्या, दिवा बंद करून बघितल्या. मग तिसरीवर बोट ठेवून म्हणाली, “हे.” आमच्या आईने उभ्या आयुष्यात बाबांना नावाने हाक मारली नाही. तिचं ‘हे’ म्हणजे तेच.

तिसरी प्रिंट चारांतली दुसऱ्या नंबरची काळी होती.

वर्षश्राद्धाला आलेल्या एका काकांनी फोटोकडे बघून मला हळूच विचारलं, “छान आलाय गं, पण जरा उजळ करता आला नसता का?” मी म्हटलं, “करता आला असता, काका. मुद्दाम नाही केला.” त्यांना बहुधा पटलं नाही. पण जेवायला बसले तेव्हा फोटोसमोरचीच जागा धरून बसले, आणि डेपोतले बाबांचे किस्से सांगत राहिले.

पुण्याला परतल्यावर लग्नाच्या साइटवर लॉगिन केलं आणि रंगाचा रकाना बदलला. मावशीला अजून सांगितलेलं नाही.

तर मंडळी, या रविवारी एक काम करा. आई, वडील, आजी, ज्यांचा रंग तुम्हाला पाठ आहे, आणि जे अजून समोर बसून “हा नाही, तो बरा” म्हणू शकतात, त्यांचा एक फोटो निवडा. नोझल चेक करा, ऑटोची टिक काढा, ब्राइटनेस उतरवा, भाषांतरकार एकच ठेवा. आणि प्रिंट हातात घेऊन त्यांना खिडकीपाशी बोलवा. खरा नमुना शेजारी उभा असताना रंग जुळवणं फार सोपं असतं.